आग्र्याचा वाद आणि बायबलचे प्रामाण्य

बायबल हा ग्रंथ ऐतिहासिक दृष्ट्या कितपत विश्वसनीय आहे, या प्रश्नाचा खल युरोपात मुख्यतः विद्यापीठांत आणि धर्मशिक्षणाच्या शाळांत झाला. हिंदुस्थानात मात्र एकोणिसाव्या शतकात तोच प्रश्न भर सभेत, दोन्ही पक्षांचे अनुयायी समोर बसलेले असताना विचारला गेला. याचे पहिले कारण राजकीय होते. १८१३ च्या सनदेनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना अधिकृतपणे वाट मोकळी झाली आणि चर्चा करण्यास, किंबहुना वाद ओढवून घेण्यास उत्सुक असलेला एक नवा वर्ग शहरांत दिसू लागला. दुसरे कारण धर्मशास्त्रीय होते आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. या मिशनऱ्यांपैकी बहुसंख्य प्रॉटेस्टंट होते, आणि पोपची आज्ञा किंवा चर्चची परंपरा यांना बाजूला सारून लिखित शास्त्र हेच श्रद्धेचे एकमेव अंतिम प्रमाण मानावे, हा त्यांच्या पंथाचा पायाच होता. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ ग्रंथाची शब्दशः संहिता ऐकणाऱ्याच्या हाती देण्याची निकड त्यांना नव्हती. त्यांच्यामागे चर्चची सत्ता उभी होती. मुंबईच्या अमेरिकन मिशनने मात्र १८२६ पर्यंत नवा करार मराठीत छापून काढला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. ज्या ग्रंथावर धर्माचा सारा भार टाकायचा, तो ग्रंथच अशा रीतीने विरोधकांच्या हाती आला, आणि तो त्यांनी वाचला.

आरंभीच्या वादांत मात्र प्रश्न बायबलच्या इतिहासाचा नव्हता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि सुमारे दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८३१ मध्ये, मोरभट दांडेकर या शास्त्र्यांशी त्यांचा जाहीर वाद झाला. त्यानंतर मोरभटांनी ‘श्री हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापले, विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले आणि त्या उत्तराला साताऱ्याच्या नारायणराव यांनी १८३४ मध्ये प्रत्युत्तर दिले. विल्सन यांची पद्धत ठरलेली होती. पुराणांतील कालगणना, भूगोल आणि देवांची चरित्रे घ्यायची, त्यांना इतिहासाची आणि नीतीची कसोटी लावायची, आणि ती टिकत नाहीत असे दाखवायचे. पंडितांना ही कसोटीच परकी होती. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही ज्ञानाची वेगवेगळी साधने, म्हणजे प्रमाणे मानली जातात. त्यांतील शब्दप्रमाण म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे वचन. मीमांसकांनी तर वेदाला वक्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, असे ठरवून वक्त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्नच निकालात काढला होता. ज्या ग्रंथाला कर्ता नाही, त्याच्या कर्त्याचा काळ विचारण्यात अर्थ नसतो. म्हणून पंडितांनी बायबलवर घेतलेले आक्षेपही तत्त्वज्ञानाच्या अंगाने गेले. सर्वज्ञ ईश्वराने पाप होऊ दिले कसे, एकाच्या मरणाने दुसऱ्याचे कर्म कसे फिटते, पूर्वजन्म नसेल तर जन्मतःच दिसणाऱ्या विषमतेचा जाब कोणाला विचारायचा, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते.

जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. खऱ्या शास्त्राची ओळख पटवण्यासाठी त्याने काही लक्षणे सांगितली, आणि त्यांत धर्मसंस्थापकाचे चमत्कार करण्याचे सामर्थ्य हे एक प्रमुख लक्षण होते. त्यावर सिहोर येथील मराठी पंडित सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने, कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन यांनी, आणि काशीचे तरुण चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी संस्कृतातच उत्तरे लिहिली. चमत्कार हेच लक्षण मानायचे तर आमच्या ग्रंथांत चमत्कारांची वाण नाही, हे उत्तर उघड होते. यातले गोऱ्हे पुढे १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. या सगळ्या लेखनाची विद्वत्ता आजही वाचनीय आहे, पण शुभवर्तमाने केव्हा लिहिली गेली, ती कोणी लिहिली, त्यांच्या हस्तलिखितांत फरक आहेत काय, हे प्रश्न त्यात मध्यभागी आले नाहीत.

ते प्रश्न मध्यभागी आले आग्र्याला, १८५४ मध्ये, आणि ते आणले मुस्लिम विद्वानांनी. इस्लामच्या दृष्टीने तौरात आणि इंजील, म्हणजे मोशेचे शास्त्र आणि येशूचे शुभवर्तमान, हे मुळात ईश्वरानेच दिलेले ग्रंथ होत. तेव्हा मुस्लिम पंडिताला बायबल सर्वस्वी नाकारता येत नव्हते आणि आहे तसे स्वीकारताही येत नव्हते. या अडचणीतून दोन जुन्या संकल्पना उभ्या राहिल्या होत्या. ‘नस्ख’ म्हणजे नंतरच्या ईश्वरी आज्ञेने आधीची आज्ञा रद्द होणे, आणि ‘तहरीफ’ म्हणजे ग्रंथात पालट होणे, मग तो अर्थाचा विपर्यास असो की प्रत्यक्ष शब्दांतला फेरफार. शब्दांतला फेरफार सिद्ध करावयाचा तर हस्तलिखितांकडे जावेच लागते. म्हणून आग्र्याचा वाद इतिहासाचा वाद झाला. मुंबईच्या वादांना ते वळण मिळण्याचे कारण नव्हते.

या वादातील ख्रिस्ती पक्षाचे नेते कार्ल गॉटलीब फँडर हे वुर्टेम्बर्ग प्रांतात १८०३ साली जन्मलेले, बासेलच्या मिशन शाळेत शिकलेले जर्मन होते. कॉकेशसमध्ये काही वर्षे काम केल्यावर, रशियन सरकारने परदेशी मिशनऱ्यांना तेथून घालवल्यामुळे ते हिंदुस्थानात आले. ‘मीझान-उल-हक’, अर्थात सत्याचा तराजू, हे त्यांचे पुस्तक मूळ जर्मन. पुढे ते फारसीत आणि १८४० नंतर उर्दूत छापले गेले आणि उत्तर हिंदुस्थानात त्याने बरीच खळबळ उडवली. बायबलच्या मजकुरात कधीही फेरफार झालेला नाही, असा त्या पुस्तकाचा ठाम दावा होता. त्यांच्यासमोर उभे राहिले कैराना येथील मौलाना रहमतुल्ला आणि आग्र्याच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टर वझीर खान. वझीर खान इंग्लंडला जाऊन आले होते, इंग्रजी जाणत होते आणि येताना त्यांनी ख्रिस्ती विद्वानांचेच ग्रंथ जमवून आणले होते. मशिदीतल्या जुन्या शिक्षणात वाढलेला मौलाना आणि पाश्चात्य वैद्यक शिकलेला डॉक्टर ही जोडी फँडर यांच्या हिशेबात बसणारी नव्हती. त्यांनी तयारी केली होती ती जुन्या पद्धतीच्या मौलवींशी सामना करण्याची.

वादाचे पाच विषय पत्रव्यवहाराने ठरले: नस्ख, तहरीफ, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, हा ख्रिस्ती सिद्धांत), महंमदांचे प्रेषितत्व आणि कुराण. १० व ११ एप्रिल १८५४ असे दोन दिवस मिशनच्या शाळेत सभा भरली. फँडर यांच्या मदतीला तरुण पाद्री टॉमस व्हॅल्पी फ्रेंच होते. पहिल्या दिवसाच्या वादाची बातमी शहरभर पसरली आणि दुसऱ्या दिवशी गर्दी कितीतरी वाढली. पाचांपैकी दोनच विषय होऊ शकले. नस्खावरील चर्चा शाब्दिक कसरतीतच बरीचशी संपली. खरी लढाई तहरीफवर झाली. वझीर खान यांनी कुराणातील वा हदीसमधील वचने पुढे केली नाहीत. त्यांनी इंग्लंडमधील पाद्र्यांना अभ्यासासाठी नेमल्या जाणाऱ्या हॉर्न यांच्या ग्रंथासारखी पुस्तके उघडली आणि बायबलच्या प्रतींत हजारो पाठभेद आहेत, काही वचने मागाहून घुसली आहेत, हे ख्रिस्ती पंडितांनीच मान्य केले आहे की नाही, एवढेच विचारले. अशी सात-आठ स्थळे आहेत, हे फँडर यांना कबूल करावे लागले. नकलनवीसांच्या चुका तर पुष्कळच आहेत, परंतु त्यांमुळे धर्माच्या कोणत्याही मुख्य सिद्धांताला बाध येत नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली. प्रतिपक्षाला ही पुस्ती मान्य नव्हती. ज्या ग्रंथात आठ ठिकाणी भर पडल्याचे सिद्ध झाले, त्याच्या उरलेल्या भागाची हमी कोण देणार, असा त्यांचा सवाल होता. आणि सभा तिथेच अडली.

या कबुलीचे खरे वजन किती, हे कळण्यासाठी तेव्हाच्या युरोपातील ज्ञानाची स्थिती पाहणे भाग आहे. छापखाना येण्यापूर्वी नवा करार सुमारे चौदाशे वर्षे हातांनी उतरवला जात होता, आणि प्रत्येक नकलेबरोबर डोळ्याच्या व कानाच्या चुका होत, समासातली टीप मजकुरात शिरे, दोन शुभवर्तमानांतील कथन जुळवून घेण्याचा मोह होई. इंग्लंडच्या जॉन मिल यांनी १७०७ मध्ये सुमारे शंभर हस्तलिखितांच्या आधारे तीस हजार पाठभेद नोंदवले, तेव्हा तिथेही हलकल्लोळ माजला होता. त्यांतील बहुतेक भेद वर्णलेखनाचे आणि शब्दक्रमाचे, म्हणजे निरुपद्रवी होते. पण सगळेच नव्हते. योहानाच्या पहिल्या पत्रातील, स्वर्गात साक्ष देणारे तिघे एकच आहेत अशा आशयाचे वचन जुन्या ग्रीक प्रतींत नाही. एरॅस्मस यांनी १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांतून ते वगळले होते आणि टीका झाल्यावर १५२२ मध्ये घातले. त्रैक्याचा इतका स्पष्ट उच्चार नव्या करारात दुसरीकडे नसल्यामुळे हा पाठभेद निरुपद्रवी म्हणता येत नव्हता. आग्र्यात वझीर खान यांनी नेमके यावरच बोट ठेवले.

याहून खोल असा दुसरा प्रवाह जर्मनीत वाहत होता. पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ मजकूर शोधण्याचे शास्त्र, ही एक गोष्ट. मूळ मजकूर मिळाला तरी त्यात सांगितलेले खरेच घडले काय, हा प्रश्न निराळा. डेव्हिड स्ट्राउस यांनी १८३५ मध्ये येशूचे चरित्र लिहून शुभवर्तमानांतील चमत्कारकथांना श्रद्धाळू समाजाने रचलेल्या पुराणकथा ठरवले. स्ट्राउस हेही वुर्टेम्बर्गचेच, फँडर यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या लुडविग्सबुर्गचे. फँडर मात्र त्याच्या आधीच मायदेश सोडून गेले होते, आणि स्वतःच्याच प्रांतात उठलेल्या या वादळाची झळ त्यांना आग्र्यात एका हिंदुस्थानी डॉक्टराकडून लागली.

तरीही रहमतुल्ला यांचा पक्ष पूर्णपणे निर्दोष होता असे म्हणता येत नाही. स्ट्राउस यांचे शस्त्र दुधारी होते. चमत्कार आणि ईश्वरी साक्षात्कार यांनाच शंकास्पद ठरवणारी पद्धत एका ग्रंथावर चालवून दुसऱ्यासमोर म्यान करता येत नाही. कुराणाचा विषय यादीत पाचवा होता आणि त्याची पाळी आलीच नाही. पुराणांना जी कसोटी विल्सन लावत ती बायबलला लावायला ते तयार नव्हते, आणि बायबलला लावलेली कसोटी मौलाना स्वतःच्या ग्रंथाला लावणार नव्हते. त्या शतकातील धर्मवादांचे मर्म या असमतोलात आहे.

परिणाम मात्र दोन्ही बाजूंच्या अपेक्षेबाहेरचे झाले. दोन्ही पक्षांनी विजयाचे वृत्तांत छापले. सभेला मुस्लिम पक्षाकडून हजर असलेल्या सफदर अली यांनी १८६४ मध्ये आणि इमादुद्दीन यांनी १८६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. इमादुद्दीन तर पुढे इस्लामविरोधी लेखनासाठीच प्रसिद्ध झाले. १८५७ च्या उठावानंतर रहमतुल्ला आणि वझीर खान यांना देश सोडून मक्केला जावे लागले. फँडर कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले होते. तेथील त्यांच्या प्रचाराला उत्तर म्हणून सुलतानाच्या सांगण्यावरून रहमतुल्ला यांनी ‘इझहार-उल-हक’ हा अरबी ग्रंथ लिहिला आणि तो १८६४ मध्ये तिथेच प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील अहमद दीदात यांनी आपल्या वादविवादांची प्रेरणा याच पुस्तकातून मिळाल्याचे सांगितले.

त्याच १८५७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात सभा होत होत्या. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. विष्णुबुवा प्रभावी वक्ते होते, पण त्यांचे अधिष्ठान वेदच होते आणि सर्व सत्य वेदांत आधीच आहे, ही त्यांची भूमिका होती. आग्र्यात तीन वर्षांपूर्वी निघालेला पाठभेदांचा मुद्दा मराठी वादांत मुख्य स्थानी आला नाही. मराठी विद्वत्तेने ते शास्त्र पुढे निराळ्या कारणासाठी आत्मसात केले: पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या तत्त्वांवर सिद्ध झाली, ती युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथ आणि बायबल यांच्या संपादनातूनच घडली होती. महाभारताच्या प्रतींत प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेले, भाग आहेत हे मान्य केल्याने महाभारत खोटे ठरत नाही आणि युद्ध जसेच्या तसे घडले असेही सिद्ध होत नाही. बायबललाही हाच न्याय लागू पडतो, आणि आग्र्यातील दोन्ही पक्षांनी तो नजरेआड केला.

नंतरच्या शोधांनी मजकुराचा प्रश्न बराच सोडवला आहे. टिशेनडॉर्फ यांना १८५९ मध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची प्रत मिळाली, १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या कराराची दोन हजार वर्षांपूर्वीची हस्तलिखिते सापडू लागली, आणि मजकूर एकंदरीत निष्ठेने जपला गेला, हे फँडर यांचे म्हणणे त्यांनी पुष्कळ अंशी उचलून धरले. चमत्कार घडले काय, याचे उत्तर कोणत्याही हस्तलिखितात मिळणारे नाही. पण आग्र्यात ज्यावर बोट ठेवले गेले त्या एका वचनाचा निकाल लागला: १८८१ मध्ये इंग्लंडमधील विद्वानांनी नव्या कराराचे सुधारित भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा योहानाच्या पत्रातील ते वचन त्यांनी काढून टाकले, आणि त्यासाठी समासात साधी टीपही दिली नाही.