'ट्रिंकोमाली' : मुंबईत बांधलेल्या एका युद्धनौकेचे चरित्र

युद्धनौकेची थोरवी तिने जिंकलेल्या लढायांवरून ठरविण्याचा प्रघात आहे. 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश फ्रिगेट या कसोटीस उतरत नाही. तथापि तिचे चरित्र त्यामुळेच अभ्यसनीय ठरते.

या नौकेसाठी इंग्लंडहून धाडलेले पहिले आराखडे १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत 'जावा' या जहाजाबरोबर गेले. दुसरे आराखडे आल्यावर जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची ही नौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून दोन वर्षे लोटली होती. १८१९ मध्ये पोर्टस्मथला पोहोचल्यावर तिला सुमारे पाव शतक नुसते नांगरून ठेवण्यात आले.

पुढे ३८ तोफांऐवजी २६ तोफा बसवून १८४७ ते १८५७ या काळात तिच्याकडून वेस्ट इंडीज व पॅसिफिक येथे पहाऱ्याचे काम घेतले गेले. नंतर ती शिक्षणनौका झाली. १८९७ मध्ये विकली गेल्यावर तिचे नावही बदलले. मूळ नाव १९९२ मध्ये परत मिळाले. आज ती हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

सागवानातील नैसर्गिक तेल कुजीपासून लाकडाचे रक्षण करते. तोफांनी न मिळविलेले दीर्घायुष्य या नौकेस लाकडाने व ते जोडणाऱ्या हातांनी दिले. आरमाराच्या इतिहासात कप्तानांची नावे आहेत. वाडियांखेरीज त्या गोदीतील सुतारांची मात्र नाहीत. त्यांच्या कारागिरीचा पुरावा म्हणून ही नौकाच वाचली पाहिजे.