रातांब्याची साल

परवा भाची अननसाच्या साली गुळाच्या पाण्यात घालून बरणीला फडकं बांधत होती. "आत्या, मेक्सिकोत याला टेपाचे म्हणतात. दोन-तीन दिवसांत फसफसतं. टाकायच्या सालींचा उपयोग!"

मी म्हटलं, "अगं, आंबवलेलं आपल्याकडं चालत नाही. आणि सालीचं सरबत तू लहानपणापासून पितेस की!"

ती बघतच राहिली. आमसूल म्हणजे साल, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

फळ रातांब्याचं; त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल, कोकम. गोव्यात फळाला भिरंड आणि सालीला सोल म्हणतात. सोलकढीतलं सोल ते हेच. आंब्याची, केळ्याची साल आपण टाकतो. इथं मात्र सालीसाठीच फळाला किंमत.

ही किंमत जुनीच आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात हे फळ 'ब्रिंदांव' या नावानं येतं. ते रंगारी वापरतात आणि साल सिरका करण्यासाठी समुद्रापार न्यायला राखून ठेवतात, असं तो सांगतो. पुढं शास्त्रज्ञांनी झाडाला गार्सिनिया इंडिका हे नाव दिलं. त्यातला गार्सिनिया मात्र या गार्सियावरून नव्हे, तर लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आला.

म्हणजे साल तीच, वाटा दोन. दर्यावर्दी लोकांनी तिचा सिरका केला. कोकणातल्या बायकांनी तिला ऊन दाखवलं. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे फोडायचे, गर-बिया वेगळ्या काढायच्या, त्या गराच्या रसात मीठ घालून साली बुडवायच्या आणि वाळवायच्या. पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी पुटं देत देत साल काळसर, मऊ होते. बियांचंही तेल निघतं. ते थिजतं आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. पाऊस यायच्या आत हे सारं उरकायला हवं, नाहीतर वर्षाची बेगमी बुरशीला जाते.

हा शोध जैनांचा नव्हे. पण घाट चढून बेळगावात आलेलं आमसूल आपल्या स्वयंपाकघरात अगदी नेमकं बसलं. सिरका आंबवलेला, म्हणून वर्ज्य. अष्टमी-चतुर्दशीला आमच्या घरी हिरवं नाही, लिंबूही नाही. मग आमटीला आंबट काय? आमसूल. सासूबाई सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात चार आमसुलं भिजत टाकायच्या. दुपारी ती कुस्करून, गाळून, गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ घालायच्या. "आजचं आज संपवायचं. दिवस मावळायच्या आत," असं बजावायच्या. साल वर्षभर टिकते; सरबत मात्र रोज ताजं.

लहानपणी मला आपले नियम म्हणजे नुसती 'नको'ची यादी वाटायची. आता वाटतं, त्या प्रत्येक 'नको'मागं कुठल्या तरी बाईनं 'मग काय करू?' असं स्वतःला विचारलं असणार. त्याची उत्तरं ग्रंथांत सापडत नाहीत. ती डब्यांत असतात. आपण कुणाला सांगितली नाहीत, तर डब्याबरोबरच जातील.

भाचीच्या हातात मी आमसुलाचा डबा दिला. तिनं एक उचलून उजेडात धरलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

"किती भिजवू, आत्या?"

"चार," मी म्हटलं.