मालक गेला, मेमरी राहिली

युनिक्सवर एखादी प्रोसेस मेली की तिने घेतलेली मेमरी आणि उघडलेल्या फायली कर्नल आपणहून परत घेतो. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह आवृत्तीतला शेअर्ड मेमरी सेगमेंट, म्हणजे अनेक प्रोसेसनी मिळून वापरायचा मेमरीचा तुकडा, मात्र याला अपवाद आहे. तयार करणारी प्रोसेस संपली तरी तो जागेवरच राहतो, कोणी हटवेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत.

या सेगमेंटचं मूळ अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसच्या बेल लॅब्जमध्ये सापडतं. 1970 च्या दशकात तिथे टेलिफोन एक्सचेंजांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा युनिक्सवर उभ्या राहत होत्या. मूळ युनिक्समध्ये प्रोसेसना डेटा आपसात वाटून घ्यायला पुरेशी सोय नव्हती. म्हणून कोलंबसच्या मंडळींनी आपल्या आवृत्तीत मेसेज, सेमाफोर आणि शेअर्ड मेमरी घातली. 1983 साली सिस्टिम फाइव्हबरोबर हे सगळं बाजारात आलं.

सेगमेंट मागे राहतो याचा फायदा मोठा होता. एक प्रोसेस कोसळली तर दुसरी सेगमेंटची तीच ओळख-की देऊन पुन्हा जोडून घेते आणि डेटा तिथेच मिळतो. पण याच गुणामुळे मेमरी मोकळी करण्याचा प्रश्न आला. शेवटी सफाई करू म्हणणाऱ्या प्रोग्रामला जबरदस्तीने मारणारा ‘किल -9’ बसला की सफाईचा कोड चालतच नाही. असे बेवारस सेगमेंट साचत जातात.

यावरची तोड मुळातच दिलेली होती. ‘आयपीसी_आरएमआयडी’ हा आदेश सेगमेंट लगेच नष्ट करत नाही, त्यावर फक्त खूण करतो. जोडलेल्या प्रोसेसची संख्या, म्हणजे ‘एनअ‍ॅटॅच’, शून्यावर आली की कर्नल तो मोडतो. त्यामुळे जाणत्या प्रोग्रामरांनी रीत बसवली: सगळ्यांनी जोडून घेतलं की ताबडतोब खूण करून टाकायची. मग कोण कसा मेला याची फिकीर उरत नाही. खूण झाल्यावरही नव्याने जोडू देणं ही लिनक्सची सवलत आहे. इतर युनिक्सवर तिच्या भरवशावर राहता येत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरने मात्र उलटी वाट धरली, आणि मला तीच जास्त शहाणपणाची वाटते. तो सेगमेंटवर आधी खूण करत नाही. मुख्य प्रोसेस मेली आणि तिच्या मुलांपैकी एखादी अजून डेटाला हात लावत असली, तर दुसरा सर्व्हर सुरू होणं म्हणजे डेटाची नासाडी. म्हणून सुरू होताना तो आपल्या पिड फाइलमध्ये (चालू सर्व्हरची नोंद ठेवणाऱ्या फायलीत) नोंदलेला जुना सेगमेंट शोधतो. एनअ‍ॅटॅच शून्य नसेल तर चालू व्हायला साफ नकार देतो, शून्य असेल तर तो सेगमेंट हटवून पुढे जातो. पॉझिक्सच्या शेअर्ड मेमरीत ही मोजणी मिळत नाही. त्यामुळे 2013 च्या 9.3 आवृत्तीत बहुतेक मेमरी ‘एममॅप’ या दुसऱ्या सिस्टिम कॉलकडे गेली, तरी जेमतेम काही बाइटांचा सिस्टिम फाइव्ह सेगमेंट त्यांनी राखून ठेवला.

लिनक्स 3.1 मध्ये, 2011 साली, ‘शम_आरएमआयडी_फोर्स्ड’ ही सेटिंग आली. ती चालू केली की कोणीही न जोडलेला सेगमेंट कर्नल स्वतःच मोडतो. मुळात ती बंद असते आणि ते योग्यच आहे, कारण सेगमेंट टिकेल या भरवशावर लिहिलेले जुने प्रोग्राम तिच्यामुळे बिघडतात.

सर्व्हर कोसळल्यावर घाईने सेगमेंट हटवणारा ‘आयपीसीआरएम’ चालवू नका. आधी सेगमेंटांची यादी दाखवणाऱ्या ‘आयपीसीएस’ने एनअ‍ॅटॅचचा आकडा बघा. तो शून्य नसेल, तर त्या मेमरीला कोणीतरी अजून जोडलेलं आहे.