तुतीची घरगुती वाईन आणि किद्दुशचं सरबत

इस्राएलमध्ये मे महिना लागला की फुटपाथ जांभळे होतात. लोद, रामले, अश्दोद, कुठेही जा, जुन्या वस्तीत एखादं तरी तुतीचं झाड असतंच. शाळेतली मुलं रेशमाचे किडे पाळतात, ती पानांसाठी याच झाडाकडे येतात. आपण तुती म्हणतो, हिब्रूत तूत. स्ट्रॉबेरीला इथे ‘तूत सादे’ म्हणजे शेतातली तुती म्हणतात, त्यामुळे नवीन आलेल्यांचा बाजारात गोंधळ होतो. या लेखात तूत म्हणजे झाडावरची काळी तुती. पांढरी तुती नुसती गोड असते, तिची वाईन मिळमिळीत लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली. पहिल्या वर्षी वाईन छान उतरली म्हणून मी मोठ्या हौसेने शब्बाथच्या टेबलावर ठेवली. सासऱ्यांनी ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “अगं, ही जेवणानंतर पिऊ. किद्दुशला सरबत आण.” मला थोडा रागच आला. पण त्यांचं बरोबर होतं. ‘बोरे पेरी हागाफेन’ ही बेराखा द्राक्षाच्या रसाची. तुती खाताना ‘हाएत्स’ म्हणतात, पण तिच्या वाईनवर फक्त ‘शेहाकोल’. शब्बाथच्या रात्रीचे किद्दुश असो की सेदेरचे चार प्याले, तिथे तुती चालत नाही.

आपल्या लोकांना कोकणात कोशेर वाईन मिळत नसे, तेव्हा त्यांनी काळ्या मनुकांचं सरबत करून ही अडचण सोडवली होती. मनुका म्हणजे द्राक्षच. शास्त्राची अट एवढीच की मनुकेत ओलावा शिल्लक हवा, दाबली तर रस सुटला पाहिजे. आमच्याकडे पाव किलो काळ्या मनुका धुऊन १ लिटर पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घालतात, शुक्रवारी हाताने चांगल्या कुस्करून फडक्यातून गाळतात. काही घरांत उकळतात. सरबत ताजं प्यायचं. उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर दोन-तीन दिवसांत फसफसायला लागतं.

आता वाईन. २ किलो पिकलेली काळी तुती, ८५० ग्रॅम साखर, ३ लिटर पाणी, २ लिंबांचा रस, १ कप कडक कोरा चहा आणि वाईनच्या यीस्टची ५ ग्रॅमची पुडी. तुतीत आंबटपणा कमी, म्हणून लिंबू. चहाने तुरटपणा येतो. पावाचं यीस्ट घालू नये, वाईनला पावाचा वास लागतो. इंग्रजी पुस्तकांत ‘मूठभर मनुका घाला’ असं हमखास असतं. मी घालत नाही. नुसत्या फळाच्या वाईनला द्राक्षवाईनचे कोशेरचे नियम लागत नाहीत, ती कोणीही ओतली तरी चालते. मनुका पडल्या की प्रश्न उभा राहतो, मग रब्बींना विचारावं लागतं.

झाड अंगणातलं असेल तर पहिली तीन वर्षं फळ ओर्ला म्हणून वर्ज्य. त्यानंतरही घरच्या फळाचा तेरुमा-मासेर काढायचा असतो.

तुती एका दिवसात पिकत नाही. खाली जुनी चादर अंथरून फांदी हलवायची, जेवढं पडेल तेवढं फ्रीजरमध्ये टाकायचं, २ किलो जमेपर्यंत. गोठवल्याने फळ फुटतं आणि रस जास्त निघतो, हा फायदाच. हात जांभळे झाले तर कच्ची हिरवी तुती चोळा, डाग जातो. फळात बारीक किडे असतात, म्हणून गोठवण्याआधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवून घ्यावं.

१० लिटरची खाण्याच्या दर्जाची प्लास्टिक बादली उकळत्या पाण्याने धुवा. साखर पाण्यात उकळून तुतीवर ओता, कुस्करा, लिंबू आणि चहा घाला. २५ अंशांपर्यंत निवल्यावरच यीस्ट. घाई केली तर यीस्ट मरतं. वर कापड बांधून ५ दिवस ठेवा, रोज दोनदा वर आलेला चोथा आत ढकला. मग दाट कापडातून गाळून काचेच्या ५ लिटरच्या बरणीत भरा आणि एअरलॉक लावा. नसेल तर बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा, म्हणजे गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. इथल्या जूनमध्ये गच्चीवर किंवा बंद बाल्कनीत अजिबात ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड फरशी शोधा.

महिन्याने गाळ तळाशी सोडून वरची वाईन नळीने दुसऱ्या बरणीत घ्या. दोन महिन्यांनी पुन्हा तसंच करा. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. मी समजले होते. रोश हाशानाला पाहुणे येणार म्हणून घाईने बाटल्या भरल्या. सुक्कोथपर्यंत दोन बाटल्या कपाटात फुटल्या, शेजारच्या चादरी आजही जांभळ्या आहेत. कोणी कपाट उघडत असताना फुटली असती तर डोळा गेला असता. तेव्हापासून हायड्रोमीटर वापरते. काटा १.०००च्या खाली गेला आणि आठवडाभर हलला नाही, तरच बाटली भरायची. या प्रमाणात साधारण ११-१२ टक्के अल्कोहोल येतं आणि वाईन गोड राहत नाही. गोड हवी असेल तर ग्लासात साखर घाला, बाटलीत नाही.

पेसाहच्या आधी यीस्टच्या पुडीवर काय लिहिलंय ते बघा. पेसाहसाठी कोशेर असं नसेल तर बाटल्या हामेत्सबरोबर बाजूला ठेवा.

ठाणे-मुंबईच्या नातेवाइकांनी कृती मागितली की मी सरबताचीच पाठवते. तिथे १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी वाईन करणं गुन्हा ठरतो.

बाटली आडवी, अंधारात ठेवा. सहा महिन्यांनी पिण्याजोगी होते. वर्षा-दोन वर्षांत रंग विटकरी होऊ लागतो, तोवर संपवावी. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते.