हृदयाची देशी झडप

चार पायऱ्या चढताच धापा टाकणारे मूल आम्हां शिक्षकांच्या पाहण्यात कधीमधी येते. आपण त्यास अशक्त म्हणून मोकळे होतो. परंतु क्वचित दोष त्याच्या हृदयाच्या झडपेत असतो. दाटीच्या वस्तीत घशाचा संसर्ग उपचारावाचून राहिला, की त्यातून संधिवातज्वर उद्भवू शकतो. सांध्यांची सूज ओसरते. झडपांची हानी मात्र राहून जाते.

निकामी झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविण्यात शल्यविशारदांना १९६० साली यश आले. पण परदेशी झडपेची किंमत आपल्याकडील गरिबाला कोठून परवडणार? हा प्रश्न तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे डॉ. एम. एस. वलियाथन यांनी मनावर घेतला. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या सॅटलमंड राजवाड्यात अभियंते आणि वैद्य एकत्र कामास लागले.

काम सोपे नव्हते. हृदय वर्षाकाठी सुमारे साडेतीन कोटी वेळा स्पंदन पावते. तितक्या वेळा झडपेने उघडावे, मिटावे, आणि रक्तही गोठू देऊ नये! पहिले तीन नमुने कसोटीस उतरले नाहीत. कृत्रिम नीलमण्याची तबकडीही करून पाहिली. तीही टिकली नाही. चौथ्या नमुन्यात कठीण मिश्रधातूच्या चौकटीत चिवट प्लास्टिकची तबकडी बसविली, आणि ती यंत्रावरील व प्राण्यांवरील परीक्षांतून पार पडली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथम मानवी हृदयात बसविण्यात आली. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन केले. परदेशी झडपेहून पुष्कळ स्वस्त अशी ही झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना लाभली आहे.

डॉ. वलियाथन २०२४ साली निवर्तले. त्यांच्या यशाइतकेच ते तीन फसलेले नमुने मुलांना सांगावेत, असे मला वाटते. सदोष झडप रुग्णाच्या छातीत जाण्यापूर्वीच बाद ठरविणे, हाही विद्येचा विजयच होय.

तथापि झडप हा अखेरचा उपाय आहे. ती बसविल्यावर रक्त न गोठण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते. म्हणून ज्वरासह घसा दुखणाऱ्या मुलास वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. योग्य वेळी दिलेले पेनिसिलिन पुष्कळांना या झडपेची गरजच पडू देत नाही.