खऱ्या आकड्यांची शिकवण : सामाजिक शास्त्रे आणि संख्यात्मक संशोधनपद्धती

समाजशास्त्र वा राज्यशास्त्राकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते, की शाळेबरोबरच गणितही मागे पडले. पदवीच्या वर्गात संख्यात्मक संशोधनपद्धतीचा विषय समोर आला की ती मोडते. इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षेत गणित उत्तीर्ण झालेल्यास सोळाव्या वर्षानंतर तो विषय सोडता येतो. त्यामुळे तेथे ही अडचण विशेष जाणवते. ती दूर करण्यासाठी २०१३ मध्ये ‘क्यू-स्टेप’ हा उपक्रम सुरू झाला. नफील्ड फाउंडेशन व दोन सार्वजनिक निधी-परिषदांनी त्यासाठी १ कोटी ९५ लाख पौंडांची तरतूद केली आणि प्रारंभी १५ विद्यापीठांत केंद्रे स्थापन झाली. मँचेस्टर विद्यापीठाने तर विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीत निरनिराळ्या संस्थांमध्ये प्रत्यक्ष आकडेवारीवर काम करण्यास धाडले.

या अध्यापनाचे सूत्र असे, की सूत्रांपूर्वी प्रश्न यावा आणि उत्तर खऱ्या माहितीत शोधावे. ब्रिटनमध्ये अशी सामग्री विपुल आहे. १९६४ पासूनचा निवडणूक अभ्यास, १९८३ पासूनचे सामाजिक दृष्टिकोन सर्वेक्षण, २००९ मध्ये आरंभलेली ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ ही कुटुंबांची पाहणी हे सर्व ‘यूके डेटा सर्व्हिस’मधून अभ्यासासाठी मिळते. अध्यापनासाठी सोप्या केलेल्या आवृत्त्याही तेथे आहेत.

बर्कलीचे उदाहरण वर्गात वारंवार वापरले जाते. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या संकुलातील सहा मोठ्या विभागांकडे पदव्युत्तर प्रवेशासाठी २,६९१ पुरुषांनी अर्ज केले, त्यांपैकी १,१९८ स्वीकारले गेले. १,८३५ स्त्रियांपैकी मात्र ५५७. म्हणजे प्रमाण सुमारे ४५ विरुद्ध ३० टक्के. पक्षपात उघड दिसतो. परंतु विद्यार्थ्याने विभागवार तक्ता मांडला की चित्र पालटते. एका विभागात स्त्रियांचे प्रमाण ८२ टक्के, तर पुरुषांचे ६२ टक्के निघते. सहापैकी चार विभागांत स्त्रिया पुढेच आहेत. जेथे प्रवेश दुर्मीळ, तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. तरीही अन्याय नव्हताच, असे यावरून सिद्ध होत नाही. स्त्रिया त्या विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न उरतोच. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील अंतर येथे व्याख्येवाचून उमगते.

नमुन्याचा धडा २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीने दिला. मतदानपूर्व चाचण्यांनी दोन्ही मोठ्या पक्षांना जवळपास बरोबरीत दाखवले. प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे राहिला. चौकशीअंती मुख्य दोष ठरला तो प्रातिनिधिक नसलेल्या नमुन्यांचा. नमुना मोठा असला म्हणून तो योग्य असतोच असे नाही.

खरी माहिती नीटनेटकी नसते. काही उत्तरे गहाळ असतात. ‘उत्तर नाही’ यासाठी नोंदलेला ऋण अंक सरासरीत मिसळला तर निष्कर्ष हास्यास्पद होतो. भारांकन विसरले तर सर्वेक्षणात जाणीवपूर्वक अधिक संख्येने घेतलेल्या गटाचे मत साऱ्या देशाचे मत भासते. शिवाय प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो; म्हणून गोपनीयतेच्या अटी पाळणे हाही अभ्यासाचाच भाग ठरतो.

अर्थात या पद्धतीत शिक्षकाचा पुष्कळ वेळ माहितीच्या सफाईत जातो आणि संगणकीय आज्ञावलीशी झगडताना मूळ प्रश्न हरवण्याचा धोका राहतो. म्हणून एक छोटा संच, एक प्रश्न व एक तक्ता येथून आरंभ करणे श्रेयस्कर. या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक संख्याशास्त्रज्ञ होणार नाहीत; ते पत्रकार, प्रशासक, समाजसेवक होतील. समोर आलेल्या टक्केवारीला ‘कशाचे टक्के, कोणाला विचारून?’ असा प्रश्न करण्याची सवय त्यांना लागली, तर अभ्यासक्रमाचे सार्थक झाले.