कैद्याचा जिम्मा

ताथवड्याच्या शिवारातून जाणारा महामार्ग देहूरोडपाशी जुन्या मुंबई रस्त्याला मिळतो, आणि तो रस्ता पुढे तळेगाव, वडगाव, कार्ले ही गावे मागे टाकीत बोरघाटाकडे जातो. आज या पट्ट्यात कारखाने, महाविद्यालये आणि उंच इमारती यांची दाटी झाली असली, तरी मराठेशाहीच्या अखेरच्या चाळीस वर्षांत याच वाटेवर असा एक प्रश्न दोनदा उभा राहिला, की ज्याचे उत्तर शोधण्यासाठी सुधारलेल्या जगाला पुढे दीडशे वर्षे खर्ची घालावी लागली: शस्त्र खाली ठेवलेल्या शत्रूच्या प्राणांचा जिम्मा कोणाचा?

पहिला प्रसंग 1779 सालच्या जानेवारीतला. रघुनाथरावांस पेशवाईच्या गादीवर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. 4 तारखेस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. तरीही फौज तळेगावापर्यंत पोचली, तर ते गाव मराठ्यांनी आधीच जाळून ठेवलेले, आणि प्रसंग पडल्यास चिंचवड व खुद्द पुणेही जाळण्याची तयारी झालेली. 11 तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून माघार घेतली, पण वडगावात त्यांची कोंडी झाली आणि तह करणे भाग पडले. तहाच्या पूर्ततेसाठी फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या सरकारांनी तह झुगारून दिल्यावर जुन्या रिवाजाच्या कठोर तर्काने त्या दोघांचे प्राण जप्त झाल्यासारखेच होते. परंतु महादजींनी 1780 च्या मार्चमध्ये त्यांना सुखरूप सोडले. त्यात इंग्रज सेनापती जनरल गॉडर्डशी बोलणे लावण्याची मसलत होती हे खरे. तथापि जो शब्द ओलिसांनी दिला नव्हता आणि जो पाळणे त्यांच्या हाती नव्हते, त्या शब्दाची किंमत त्यांच्या देहातून वसूल झाली नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रसंग इतका उजळ नाही. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली, आणि त्याच महिन्यात व्हॉन नावाचे दोघे बंधू, ज्यांपैकी एक मद्रास फौजेत कॅप्टन होता, मुंबईहून पुण्याच्या वाटेवर असताना तळेगावाजवळ पकडले गेले. त्यांनी प्रतिकार केला नसतानाही बाबाजीपंत गोखले याच्या देखरेखीखाली त्यांना फाशी देण्यात आले, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. याच युद्धात पुण्याच्या पूर्वेस उरुळीजवळ पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन अधिकारी मात्र आधी कांगोरी आणि नंतर वासोटा किल्ल्यावर कैदेत राहिले, आणि एप्रिल 1818 मध्ये वासोटा पडल्यावर जिवंत बाहेर आले. युद्ध एक, सत्ता एक. पण ज्यांचे प्राण वाटेवरच्या एका अंमलदाराच्या मर्जीवर राहिले ते गेले, आणि जे सरकारी किल्ल्याच्या कैदेत दाखल झाले ते कष्ट सोसून का होईना, परतले.

या पापाचा दोष एकाच पक्षाच्या पदरी बांधणे मात्र अन्यायाचे होईल. 27 फेब्रुवारी 1818 रोजी खानदेशातील थाळनेर येथे, शरणागतीची बोलणी चालू असताना, दरवाजापाशी गैरसमजातून चकमक उडाली, काही इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि सूडाने पेटलेल्या फौजेने किल्ल्यातील सुमारे तीनशे शिबंदी कापून काढली. किल्लेदार तुळशीराम मामा आधीच इंग्रजांच्या हाती आला होता. त्याला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने त्याच दिवशी फाशी दिले. युक्तिवाद असा, की मंदसोरच्या तहाने होळकरांनी थाळनेर सोडून दिल्यावर तेथे लढणारा तो सैनिक नव्हे, बंडखोर होय. हे समर्थन लंडनलाही सहजी पचले नाही: 1819 च्या मार्चमध्ये पार्लमेंटने विजयी फौजेच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा त्यातून थाळनेरच्या कृत्याबद्दल कोणतेही मत व्यक्त होत नाही, असे मुद्दाम नमूद करावे लागले.

वडगाव, तळेगाव आणि थाळनेर येथे उद्भवलेल्या तिन्ही शंकांचा निकाल आज लेखी कायद्यात सापडतो. कैदी हा त्याला पकडणाऱ्या व्यक्तीच्या वा पलटणीच्या नव्हे, तर शत्रुसरकारच्या ताब्यात असतो, हे तत्त्व हेगच्या नियमांनी 1899 मध्ये मांडले आणि 12 ऑगस्ट 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमाने दृढ केले. पकडलेला मनुष्य युद्धकैदी आहे की नाही याविषयी संशय असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्यास युद्धकैद्याचेच संरक्षण द्यावे, असे पाचवे कलम सांगते. आणि नागरिकांना ओलीस धरणे चौथ्या कराराने सर्वथा निषिद्ध ठरविले. तिऱ्हाइताची तपासणी हा या व्यवस्थेचा कणा आहे, आणि तिची रीत महाराष्ट्राने या करारांच्या आधीच पाहिली होती: ज्या अहमदनगरास बोअर युद्धातील कैदी आणून ठेवले होते, तेथीलच जर्मन कैद्यांच्या छावणीची पाहणी 1917 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी केली.

कायदा लिहिला गेला म्हणून मोह संपला, असे नव्हे. जानेवारी 2002 पासून ग्वांतानामोच्या तळावर अमेरिकेने आणलेल्या बंदिवानांस युद्धकैद्याचा दर्जा नाकारण्यात आला, तेव्हा हिस्लॉपचाच युक्तिवाद नव्या पोषाखात अवतरला. आपणही स्वतःस या परीक्षेतून वगळू नये. 1971 च्या युद्धात भारताच्या हाती सुमारे 93,000 पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक आले. लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मुक्त करावे असे तिसऱ्या कराराचे 118 वे कलम असता, शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त सेनापतित्वापुढे झाली असल्याने बांगलादेशाची संमती हवी, या भूमिकेवरून 28 ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारापर्यंत त्यांची रवानगी अडून राहिली आणि एप्रिल 1974 मध्ये पुरी झाली. छावणीतील वागणूक सभ्य असली, तरी राजकीय तडजोडीसाठी लांबलेली कैद ही ओलिसाच्या जवळ जाते, हे मान्य करण्यास संकोच नसावा.

या इतिहासाचा निष्कर्ष असा, की विजेत्याच्या औदार्यावर कैद्याचे रक्षण सोपवता येत नाही. कारण महादजीचे औदार्य हा एका पुरुषाचा गुण होता आणि तळेगावची फाशी हा दुसऱ्याचा दुर्गुण. कैदी जगतो तो त्याचे नाव दप्तरात लिहिलेले असल्याने, त्याचा दर्जा त्याच्या शत्रूच्या रागाने ठरत नसल्याने, आणि त्याचे काय झाले याचा जाब एखाद्या सरकारला द्यावा लागत असल्याने. ज्या राष्ट्राला हा जाब जड वाटतो, त्याने आपल्या विजयाला न्याय्य म्हणवून घेऊ नये.